सीड कोणी दिला? धंद्याचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बिलिंग, स्टॉक, बँकिंग, विमा, लकी ड्रॉ अशा कामांचे प्रोग्राम लिहिणारे सर्व प्रोग्रामर, त्यांचे टीम लीड आणि ते प्रोग्राम पास करणारे आयटी मॅनेजर यांस,



हवामानाचे अंदाज काढणाऱ्यांना किंवा अणुभौतिकीवाल्यांना हे पत्र नाही. रँडम नंबर हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय, ते त्याच्यावर डोकं खर्च करतात. तुमच्या-माझ्या कामात तो क्वचित लागतो. दिवाळीचा लकी ड्रॉ असतो, कूपन कोड छापायचे असतात, ऑडिटसाठी शंभर व्हाउचर निवडायची असतात. मग एक ओळ लिहायची, स्क्रीनवर पाच-सहा आकडे बघायचे, वेडेवाकडे दिसले की पुढच्या कामाला लागायचं. माझी तक्रार त्या ओळीबद्दल नाही. तिच्या आधी जी ओळ असायला हवी आणि बहुतेक वेळा नसते, किंवा असते पण कोणी विचार न करता चिकटवलेली असते, तिच्याबद्दल आहे. सीड देण्याची ओळ.

मी लहान-मध्यम कंपन्यांच्या सिस्टीम तपासतो. एका वितरक कंपनीची चाळीस गोदामं होती. दर सोमवारी सकाळी हिशेब खात्यातला माणूस एक्सेलची फाइल उघडायचा, बटण दाबायचा, मॅक्रो पाच नंबर द्यायचा आणि त्या आठवड्यात त्या पाच गोदामांवर अचानक तपासणी व्हायची. मागचे कागद मागवले, तर प्रत्येक सोमवारचे नंबर एकच: २९, २२, २४, १२, १३. क्रमसुद्धा तोच. मधल्या काळात तपासणीचा माणूस बदलला होता, म्हणून ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही. गोदामवाल्यांच्या मात्र केव्हाच लक्षात आलं होतं. २९ नंबरचं गोदाम सोमवारी आरशासारखं लख्ख असायचं आणि उरलेल्या पस्तीस गोदामांत कोणी पाऊलही टाकलं नव्हतं. मॅनेजर मला म्हणाले, "पण हे तर कॉम्प्युटरनं काढलंय."

कॉम्प्युटरनंच काढलं होतं, यात वाद नाही. व्हिज्युअल बेसिकचं रँडम फंक्शन आधीच्या आकड्याला ११४०६७१४८५ ने गुणतं, त्यात १२८२०१६३ मिळवतं, १६७७७२१६ ने भागून बाकी ठेवतं आणि ती बाकी पुन्हा १६७७७२१६ ने भागून आपल्याला देतं. सुरुवातीचा आकडा, म्हणजेच सीड, ठरलेला आहे, ३२७६८०. कागद-पेन घेऊन करून पाहा, पहिलं उत्तर ०.७०५५४७५ येतं. त्याला चाळीसने गुणा, पूर्णांक घ्या, एक मिळवा. आलं २९ नंबरचं गोदाम. एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं की सगळं पहिल्यापासून. रँडमाइझ ही एका शब्दाची ओळ मॅक्रोच्या सुरुवातीला असती, तर हे झालं नसतं.

तेव्हा पहिली विनंती अगदी साधी आहे. सीड दिला नाही तर तुमची भाषा काय करते, हे तिच्या मॅन्युअलमध्ये एकदा वाचा. प्रत्येक भाषेचं उत्तर वेगळं आहे. सी भाषेत सीड न देता रँड वापरला, तर तो १ हा सीड दिल्यासारखा वागतो, आणि हे प्रमाणातच लिहिलेलं आहे. पायथन सीड न मागता ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या कोबॉलमध्ये पहिल्या वेळी सीड दिला नाही, तर तो शून्य धरला जातो. पुण्या-मुंबईत परदेशी बँकांचं आणि विमा कंपन्यांचं कोबॉल सांभाळणाऱ्या टीम काही कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दर महिन्याला तपासणीसाठी दावे निवडणारा बॅच प्रोग्राम शून्यापासून सुरू होत असेल, तर यादीतल्या त्याच त्याच जागांवरचे दावे दर महिन्याला निवडले जातात.

याच कोबॉलमध्ये उलटी चूकही बघायला मिळते. फंक्शनला सीड दिला की मालिका तिथून नव्याने सुरू होते. कोणीतरी लूपच्या आत प्रत्येक फेरीला तोच सीड देतो आणि हजार वेळा एकच आकडा मिळवतो. डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये याचा जुळा भाऊ भेटतो. लूपच्या आत प्रत्येक वेळी नवा रँडम ऑब्जेक्ट बनवला जातो. त्याचा सीड घड्याळाच्या टिकवरून येतो आणि ती टिक साधारण दहा-पंधरा मिलिसेकंदांनी एकदा पुढे सरकते. तेवढ्या वेळात लूपच्या शेकडो फेऱ्या होतात. कूपनचे गठ्ठेच्या गठ्ठे एकाच नंबरचे निघतात. पुढच्या डॉट नेट कोअरमध्ये हे सुधारलं, पण तुमच्यातल्या किती जणांच्या क्लायंटकडे अजून जुनंच फ्रेमवर्क चालू आहे, ते तुम्हालाच ठाऊक. गंमत म्हणजे डीबगरमध्ये एकेक ओळ चालवली की सगळे आकडे वेगळे येतात, म्हणून हा दोष यूएटीत सापडत नाही. सीड एकदाच द्यावा, प्रोग्राम सुरू होताना. ऑब्जेक्ट एकच ठेवावा.

आता डेटाबेसवाल्यांकडे वळतो, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिथे आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रँड हे फंक्शन सिलेक्टमध्ये लिहिलं, तर ते पूर्ण क्वेरीसाठी एकदाच चालतं आणि प्रत्येक ओळीपुढे एकच आकडा येतो. हे लक्षात आलं की हुशार माणूस तोडगा काढतो: ग्राहक क्रमांकच सीड म्हणून देऊ, म्हणजे प्रत्येक ओळीला वेगळा आकडा. वेगळा येतोही. सीड १ दिला तर ०.७१३५९, सीड २ दिला तर ०.७१३६१, सीड १०० दिला तर ०.७१५४३. लागोपाठचे सीड लागोपाठची उत्तरं देतात. आता नियम असा केला, की आकडा ०.९ च्या वर गेला तर ग्राहकाला सवलत. पहिल्या दहा हजार ग्राहकांपैकी एकालाही ती मिळणार नाही. त्यापुढचे पाच हजारांवर ग्राहक मात्र ओळीने सगळे पात्र. ग्राहक क्रमांक ज्या क्रमाने दिले जातात तो लक्षात घ्या. सगळ्यात लहान क्रमांक दुकान उघडलं तेव्हापासून येणाऱ्यांचे. म्हणजे सर्वांत जुन्या, सर्वांत निष्ठावान गिऱ्हाइकाला तुम्ही बाहेर ठेवलंत, आणि रिपोर्टमध्ये लिहिलंत की वाटप रँडम होतं. ओळी खरोखर फेटायच्या असतील तर न्यूआयडीने क्रम लावा. ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त घाईत आठवत नाही.

घड्याळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. कॉलेजच्या प्रयोगवहीपासून आपल्याला शिकवलं गेलं की सीड म्हणून वेळ द्यायची. सवयीला हरकत नाही, पण ती वेळ किती मोठी असते हे कोणी शिकवत नाही. एका कोबॉल प्रोग्राममध्ये चालू तारखेच्या फंक्शनमधले सेकंदाच्या शतांशाचे दोन अंक सीड म्हणून घेतलेले मी पाहिले. दोन अंक म्हणजे फार फार तर शंभर सीड. लाखो दाव्यांमधून नमुना काढायचा आणि निघू शकणाऱ्या याद्या फक्त शंभर! पूर्ण वेळ शतांशापर्यंत घेतली, तरी दिवसाला ८६ लाख ४० हजार आकडे होतात. त्यातही तुमचा बॅच जॉब शेड्यूलर रोज रात्री दोन वाजता सुरू करतो, मग उरतात किती?

याचा हिशेब एका पोकरच्या साइटला १९९९ मध्ये चुकवावा लागला. प्लॅनेटपोकर ही त्या काळातली ऑनलाइन पोकरची साइट. एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने बनवलेलं पत्ते पिसण्याचं सॉफ्टवेअर तिथे चालायचं. खेळ किती प्रामाणिक आहे हे लोकांना पटावं म्हणून कंपनीने पिसण्याचा कोड जाहीर केला होता. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या प्रोग्रामरांनी तो वाचला. बावन्न पत्त्यांचे क्रम होतात साधारण ८ वर ६७ शून्यं इतके. पण सीड ३२ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ४२९ कोटी क्रम शक्य. तो सीड पास्कलच्या रँडमाइझने मध्यरात्रीपासून गेलेल्या मिलिसेकंदांवरून भरलेला, म्हणजे ८ कोटी ६४ लाखच. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घेतल्यावर त्यातले सुमारे दोन लाख उरले. दोन लाख क्रम त्या काळच्या साध्या पीसीलाही काही सेकंदांचं काम. आपल्या हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडे पडलेले तीन, एवढं प्रोग्रामला दिलं की समोरच्या प्रत्येकाच्या हातात काय आहे आणि पुढे कोणता पत्ता पडणार, हे तो सांगायचा. त्यांनी ते जाहीर करून टाकलं, पैसे जिंकत बसले नाहीत. पिसण्याच्या लूपमध्येही एक चूक होती, पण घाव बसला तो सीडमुळे. कोड उघड करण्यात काहीच गैर नव्हतं. उघड्या कोडमागे सीड अंदाजाने सापडेल असा ठेवला, हे गैर होतं.

त्याच्या चार वर्षं आधी, १९९५ मध्ये, नेटस्केप ब्राउझरचं सुरक्षित कनेक्शन याच वाटेने फुटलं होतं. दिवसाची वेळ, प्रोसेस आयडी आणि पेरेंट प्रोसेस आयडी, एवढ्यावर सीड बनवलेला. बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी ते दाखवून दिलं. आज तीस वर्षांनंतर मी कोड वाचतो, तर तीच वेळ आणि तोच प्रोसेस आयडी एकत्र करून सीड घेतलेला दिसतो. त्यात नवी भर अशी, की आता प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतो आणि कंटेनरमध्ये मुख्य प्रोसेसचा आयडी बहुधा १ असतो. एकाच सेकंदाला दहा कंटेनर उठले की दहाही जणांचा सीड एक, आणि दहाही सर्व्हर एकाच क्रमाने कूपन वाटतात.

ज्या आकड्याच्या मागे पैसा किंवा गुपित आहे, म्हणजे ओटीपी, पासवर्ड बदलण्याची लिंक, गिफ्ट कार्डाचा नंबर, तिथे स्वतः सीड देण्याच्या भानगडीत पडूच नका. ऑपरेटिंग सिस्टीम हे काम करते. जावात सिक्युअर रँडम आहे, पायथनमध्ये सीक्रेट्स हे मॉड्यूल आहे, डॉट नेटमध्ये त्यासाठी वेगळा क्लास आहे. यावर जास्त लिहीत नाही, कारण हे सगळीकडे सांगितलं जातं. फक्त एवढं, की तिथेही हात लावून बिघडवता येतं. २००६ मध्ये डेबियनच्या एका देखभालकर्त्याने एका तपासणी साधनाच्या सूचना थांबवण्यासाठी ओपनएसएसएलमधल्या ओळी काढल्या. त्यात सीडमध्ये भर घालणारा मजकूर गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत तो बदललेला ओपनएसएसएल असलेल्या मशीनवर बनलेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात ३२,७६७ च्या आतच होत्या. जगभर त्या शोधून बदलाव्या लागल्या.

टेस्टिंगवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांचं सीड देणं योग्यच आहे. टेस्ट पुन्हा चालवली की तेच आकडे यायला हवेत, नाहीतर रात्री पडलेली टेस्ट सकाळी पास होते आणि कोणी काही शोधू शकत नाही. तक्रार पुढच्या पायरीवर आहे. सीड ४२ घालून टेस्ट केलेली फाइल तशीच प्रॉडक्शनला जाते. पायथन स्वतःहून चांगला सीड घेत होता, तुम्ही त्याला थांबवून ४२ दिलात. डिलिव्हरीच्या आधी हे एकदा शोधून काढायला किती वेळ लागतो?

आता मॅनेजर मंडळी. तुम्ही म्हणता, "आउटपुट तपासलं, सगळे आकडे सारख्या प्रमाणात येतात." अमेरिकेतल्या मल्टि-स्टेट लॉटरी असोसिएशनचं यंत्रही तपासणी पास झालेलं होतं. एडी टिप्टन हा तिथला माहिती-सुरक्षेचा प्रमुख. त्याने सोडतीच्या प्रोग्राममध्ये असा बदल घातला, की वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना, बुधवार किंवा शनिवार असेल आणि रात्रीचे आठ वाजून गेले असतील, तर सीड अंदाज करता येईल असा बनावा. इतर दिवशी प्रोग्राम सरळ चालायचा. त्या दिवशीचे आकडेही दिसायला तितकेच रँडम असायचे, फक्त शक्य निकाल काही शेकड्यांवर येऊन ठेपायचे आणि तेवढी तिकिटं विकत घेता यायची. २९ डिसेंबर २०१० च्या हॉट लोटो सोडतीत १ कोटी ६५ लाख डॉलरचं बक्षीस असं लागलं. दुकानातल्या कॅमेऱ्याने त्याला तिकीट घेताना टिपलं नसतं, तर प्रकरण उलगडायला आणखी किती वर्षं गेली असती सांगता येत नाही. २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. आउटपुट तपासून सीडबद्दल काहीही कळत नाही. सीड कुठून येतो हे कोडमध्ये वाचावंच लागतं, आणि ते वाचणारा माणूस लिहिणाऱ्यापेक्षा वेगळा असावा लागतो.

याची दुसरी बाजू म्हणजे जे सीड देतात, पण लिहून ठेवत नाहीत. माझ्या चार्टर्ड अकाउंटंट मित्रांना हे लागू होतं आणि त्यांच्यासाठी मॅक्रो लिहिणाऱ्यांनाही. ऑडिटच्या नमुन्यासाठी एसए ५३० आहे, त्यात नमुना कसा निवडावा याचा विचार आहे. प्रत्यक्षात काय होतं? एक्सेलमध्ये व्हाउचरशेजारी रँडचा कॉलम लावला, सॉर्ट केला, वरची पन्नास घेतली. शीटमध्ये काहीही बदललं की रँड नवे आकडे देतो. दुसऱ्या दिवशी भागीदार विचारतो, हीच पन्नास का? उत्तर नाही. आवडीची पन्नास मिळेपर्यंत सॉर्ट केलं नाही, हे सिद्ध करायला काहीच नाही. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाचं रॅट-स्टॅट्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, मेडिकेअरची बिलं तपासायला वापरतात. त्याच्या नमुन्याच्या कागदावर सीड छापलेला असतो. रुग्णालयाच्या वकिलाने आक्षेप घेतला, तर तोच सीड घालून तीच यादी त्याच्यासमोर काढून दाखवता येते. एक्सेलच्या ॲनॅलिसिस टूलपॅकमध्ये सीडचा रकाना आहे, तो वापरा. नाहीतर मॅक्रो लिहा आणि सीड वर्किंग पेपरमध्ये तारीख-सहीनिशी नोंदवा.

हे काही आजचं शहाणपण नाही. रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये दहा लाख रँडम अंकांचं पुस्तक छापलं. त्याच्या सूचनांमध्ये कुठून वाचायला सुरुवात करायची याचा नियम दिला आहे. पुस्तक वारंवार त्याच पानावर उघडतं हे ओळखून, सुरुवात ठरवायला वापरलेल्या आकड्यावर खूण करा आणि तो पुन्हा वापरू नका, असंही सांगितलं आहे. कॉम्प्युटर घरोघरी येण्याच्या आधीच्या लोकांना जे कळलं, ते आपण एका ओळीत विसरतो.

जिथे लोकांचा विश्वास हवा, तिथे सीड सगळ्यांसमोर काढावा. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये मतमोजणीच्या तपासणीसाठी मतपत्रिका निवडताना जाहीर कार्यक्रमात दहा बाजूंचे फासे लोकांकडून टाकवले आणि वीस अंकी सीड तयार केला. कोणत्या मतपत्रिका निघतील हे आधी कोणालाच माहीत नव्हतं, नंतर मात्र कोणालाही घरी बसून तपासता येत होतं. म्हाडाच्या घरांची सोडत संगणकावर निघते, आरटीईच्या २५ टक्के जागांवर कोणाचं मूल शाळेत जाणार हेही संगणकाच्या सोडतीत ठरतं. त्या प्रोग्रामबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. पण असं काम तुमच्या टीमकडे आलं, तर फासे आणि वीस अंकी सीड ही मागणी तुम्हीच क्लायंटपुढे ठेवा. यादी आधी गोठवायची, सीड नंतर काढायचा, दोन्ही जाहीर करायचं. क्रम उलटा झाला तर सगळं व्यर्थ: सीड आधी माहीत असेल तर यादीत कोणाचं नाव कितव्या क्रमांकावर ठेवायचं हे ठरवता येतं.

शेवटची मागणी कोड रिव्ह्यूच्या फॉर्मबद्दल आहे. त्यात व्हेरिएबलची नावं, कॉमेंट, इंडेंटेशन यांसाठी रकाने असतात. एक रकाना वाढवा: रँडम वापरलाय का, सीड कुठून येतो, आणि तो नोंदवायचा आहे की लपवायचा. ज्या ठिकाणी तिन्ही उत्तरं मिळणार नाहीत, तिथे सही करू नका. गोदामाच्या तपासणीत सीड नोंदवायचा असतो, गिफ्ट कार्डात लपवायचा असतो. दोन्हीकडे एकच फंक्शन चिकटवणारा प्रोग्रामर तुमच्याकडे असेल, तर त्याला आधी हा फरक समजावून द्या आणि मगच कोड पास करा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सिस्टीम ऑडिटर, पुणे

ता. क. : हे वाचून कोणी व्हीबीए मॅक्रोमध्ये रँडमाइझला नोंदवलेला आकडा देईल आणि तीच मालिका परत मिळेल असं समजेल. मिळत नाही. त्याच्या लगेच आधी आरएनडी फंक्शनला एक उणे आकडा देऊन बोलवावं लागतं, मगच रँडमाइझने तीच मालिका सुरू होते. मायक्रोसॉफ्टच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, ऑडिटच्या आदल्या रात्री शोधत बसू नका.